जुन्या रेसिंग गाडीच्या मॉडेलचे बारीक भाग घरी बनवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगर असो, जालना, परभणी, लातूर की नांदेड, विचारणारे बदलतात, प्रश्न बहुतेक तेच असतात. सामान कुठे मिळेल, तारांचं चाक कसं करायचं, उन्हाळ्यात रंग का बिघडतो. म्हणून उत्तरं एकाच जागी लिहून काढली आहेत. उदाहरणाला शक्यतो एकच गाडी धरली आहे, बुगाटी टाइप ३५. तुम्ही दुसरी गाडी करत असाल तर आकडे बदला, पद्धत तीच राहील.

स्क्रॅच बिल्डिंग म्हणजे अख्खी गाडी शून्यापासून बनवायची का?

तसं काही बंधन नाही. किटमधला, म्हणजे विकत मिळणाऱ्या तयार भागांच्या संचातला, एखादा भाग जाड किंवा ओबडधोबड असतो. तो बाजूला ठेवून त्याच्या जागी पत्रा, तार, नळी किंवा प्लास्टिक शीट यांतून स्वतः घडवलेला भाग बसवला, तरी ते स्क्रॅच बिल्डिंगच झालं. सुरुवात अशीच करावी. किटची बॉडी ठेवा आणि एक भाग बदला. पहिला भाग म्हणून बॉनेटवरचा चामडी पट्टा घ्यावा असं माझं मत आहे. खालून तासून पातळ केलेलं चामडं, नाहीतर तपकिरी रंगवलेली मास्किंग टेप आणि बारीक तार वाकवून केलेलं बक्कल. एका बसणीत होतो आणि किटमधल्या प्लास्टिकच्या उंचवट्यापेक्षा किती फरक पडला ते लगेच दिसतं.

बुगाटी टाइप ३५च का?

दोन कारणं आहेत. पहिलं, या गाडीचं यंत्र उघड्यावर आहे. चाकांवर मडगार्ड नाहीत. पुढचा ॲक्सल, कमान पाटे, ब्रेकच्या केबल, बाहेरून जाणारा गिअरचा दांडा, सगळं डोळ्यांसमोर. झाकायला जागाच नाही, त्यामुळे हातानं केलेल्या प्रत्येक भागाचं चीज होतं.

दुसरं कारण मापांचं. दोन ॲक्सलमधलं अंतर २४०० मिमी आणि डाव्या-उजव्या चाकांमधलं १२०० मिमी. १/२४ स्केलला, म्हणजे खऱ्याच्या चोविसाव्या भागाला, ते बरोबर १०० आणि ५० मिमी होतं. शिकणाऱ्याला याहून सोयीचा आकडा मिळणार नाही.

थोडी ओळखही हवी. फ्रान्समधल्या मोल्सहाइमच्या कारखान्यात एटोर बुगाटी यांनी ही गाडी बनवली आणि ती पहिल्यांदा धावली ३ ऑगस्ट १९२४ रोजी, लिऑनच्या ग्रां प्री शर्यतीत. ओळीत आठ सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६० मिमी, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव ८८ मिमी, एकूण १९९१ सीसी. पुढच्या टाइप ३५बीमध्ये स्ट्रोक १०० मिमी झाला, इंजिन २२६२ सीसीचं झालं आणि सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंप, आला. १९२९ ची पहिली मोनॅको ग्रां प्री ३५बीनेच जिंकली, चालक विल्यम ग्रोव्हर-विल्यम्स. मॉडेल करणाऱ्याला हा फरक ठाऊक हवा, कारण सुपरचार्जरवाल्या गाडीच्या बॉनेटला बाजूला एक गोल भोक असतं. साध्या ३५ला ते पाडून ठेवलं की जाणकाराच्या नजरेत पहिल्यांदा तेच येतं.

कोणतं स्केल निवडावं?

पूर्ण गाडी करायची तर १/२४. नुसतं इंजिन किंवा पुढचा ॲक्सल आणि चाक असा देखावा करायचा तर १/१२. खऱ्या गाडीतल्या ८ मिमीच्या बोल्टचं डोकं १३ मिमी रुंद धरलं तर १/१२ला ते जेमतेम एक मिलिमीटर होतं, १/२४ला अर्धा. अर्ध्या मिलिमीटरचं षटकोनी डोकं करता येतं, पण असे बोल्ट एकामागून एक करत राहायची तयारी हवी. १/४३ पुढे कधीतरी.

मापं कुठून घ्यायची? खरी गाडी तर इथे बघायला मिळत नाही.

फोटोवरून. फ्रान्समधल्या म्युलूज इथल्या मोटार संग्रहालयात बुगाटी गाड्यांचा फार मोठा संग्रह आहे. तिथले फोटो, शिवाय लिलावात निघालेल्या गाड्यांचे तपशीलवार फोटो इंटरनेटवर भरपूर सापडतात. फोटो अगदी बाजूने, लांबून काढलेला निवडा. जवळून काढलेल्या फोटोत पुढचं चाक मोठं आणि मागचं लहान दिसतं, त्यावर मापं घेऊ नयेत. असा फोटो छापा, दोन्ही चाकांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर पट्टीने मोजा. ते १२० मिमी आलं तर छापलेला १ मिमी म्हणजे खऱ्या गाडीतले २० मिमी. तीच तुमची मोजपट्टी.

एक सावधगिरी. आज दिसणाऱ्या बऱ्याच गाड्या पुन्हा बांधलेल्या आहेत. त्यांत आधुनिक नट, नवी रबरी नळी, नंतर बसवलेले आरसे असतात. शक्य असेल तिथे १९२० च्या दशकातला कृष्णधवल फोटो शेजारी ठेवा आणि मतभेद झाला तर त्याचं ऐका.

सगळे भाग अचूक मापाचे केले तरी मॉडेल खेळण्यासारखं का दिसतं?

हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. उत्तर आहे जाडी. लांबी-रुंदी आपण मोजून करतो आणि जाडीला जे हाताशी आहे ते वापरतो.

हिशोब करून बघा. खऱ्या बॉडीचा पत्रा दीड मिलिमीटर धरला तर १/२४ला तो ०.०६ मिमी होतो. जुनं एटीएम कार्ड ०.७६ मिमी जाड असतं, म्हणजे त्या मापात अठरा मिलिमीटरची लोखंडी प्लेट झाली. चालकाच्या जागेचा काठ, बॉनेटची कड, काचेची चौकट इथे डोळा जाडी बरोबर पकडतो, बघणाऱ्याला कारण सांगता आलं नाही तरी.

सगळा भाग तेवढा पातळ करायची गरज नसते. ताकदीसाठी आतून जाड ठेवा आणि जी कड दिसते तेवढीच आतल्या बाजूने तिरपी तासा. जिथे पत्रा उघडा दिसतो तिथे मात्र खराच पातळ पत्रा घ्या. हॉटेलातून जेवण बांधून देतात त्या ॲल्युमिनियमच्या डब्याचा पत्रा या कामाला उत्तम. थंड पेयाच्या कॅनचा साधारण ०.१ मिमी असतो, थोडा ताठ, सपाट भागांना चांगला.

दुसरी गोष्ट, तो भाग खऱ्या गाडीत काय काम करतो ते आधी समजून घ्या. केबल ओढली जाते म्हणून ती सरळ ताणलेली असते. तेलाची नळी थरथरते म्हणून तिला एखादं वळण दिलेलं असतं. कमान पाट्यावर गाडीचं वजन असतं म्हणून तो दबलेला असतो. हे कळलं की फोटोत न दिसणारा अर्धा भागही कसा असेल ते बरोबर सुचतं.

सामान मराठवाड्यात मिळतं का, की सगळं बाहेरून मागवायचं?

प्लास्टिक शीट आणि किट सोडलं तर जवळजवळ सगळं इथेच मिळतं.

सगळ्यांत आधी मोटार रिवाइंडिंगचं दुकान. शेतातल्या पाण्याच्या मोटारी जळणाऱ्या आपल्या भागात असं दुकान तालुक्याच्या प्रत्येक गावी आहे. तांब्याची इनॅमल लावलेली तार तिथे गेजवर मिळते. २२ गेज म्हणजे ०.७१ मिमी, २६ म्हणजे ०.४६, ३० म्हणजे ०.३१, ३६ म्हणजे ०.१९ आणि ४० म्हणजे ०.१२ मिमी. एवढी यादी खिशात असली की १/२४ मधल्या जवळपास सगळ्या नळ्या, तारा, केबल भागतात. स्पार्क प्लगची खरी वायर ७ मिमीची धरली तर स्केलला ०.२९ मिमी होते, तिथे ३० गेज चालते. रिळाच्या तळाशी उरलेले तुकडे बरेचदा मागितले तर तसेच देतात.

मेडिकलमध्ये इंजेक्शनच्या सुया. इतकी बारीक आणि गोल स्टीलची नळी दुसरीकडे मिळणं कठीण. २६ गेजची सुई बाहेरून ०.४६ मिमी, २२ गेजची ०.७२. सुई नवी, पाकीटबंदच घ्यायची. दवाखान्यातली वापरलेली कुणी फुकट दिली तरी हात लावायचा नाही. कापताना पक्कड वापरलीत तर तोंड चेपतं. कानशीने भोवती खाच पाडा आणि वाकवून तोडा.

सराफ्यात पितळी पत्रा, बारीक करवतीची पाती, टाकणखार आणि तार ओढायची भोकांची पोलादी पट्टी मिळते. हव्या त्या जाडीची तार मिळाली नाही तर तिथले कारागीर पट्टीतून ओढून बारीक करून देतात. वाद्यांच्या दुकानात गिटारची पहिली तार ०.२३ मिमीची पोलादी असते, आऱ्यांना आणि ताणलेल्या केबलना झकास. पंप आणि हायड्रॉलिकच्या दुकानात ओ-रिंग मिळतात. ३.५३ मिमी जाडीची ओ-रिंग १/२४ला साधारण ८५ मिमी रुंद टायर होते, त्या काळच्या बारीक टायरच्या जवळ जाणारी. बोर्ड रंगवणाऱ्यांकडे ॲक्रिलिकचे कापलेले तुकडे आणि सनबोर्ड. गॅरेजमध्ये व्हॉल्व्ह घासायची पेस्ट. ती पुढे डॅशबोर्डला लागणार आहे.

हत्यारं कोणती घ्यावीत?

व्हर्निअर कॅलिपर, ०.०२ मिमीपर्यंत मोजणारा. बाकी काही कमी असलं तरी चालेल, याच्यात काटकसर नको. त्यासोबत बारीक ड्रिल धरून बोटांनी फिरवायचा पिन व्हाइस, सर्किट बोर्डला वापरतात ती ०.३ ते ०.८ मिमीची ड्रिल, बारीक कानशींचा संच, सोनाराची करवत, टोकदार चिमटा, ४०० पासून २००० पर्यंतचा वॉटर पेपर आणि २५ वॅटचा सोल्डरिंग गन. विजेवर चालणारं ड्रिल नंतर घ्या. ०.३ मिमीचं ड्रिल हाताने फिरवलं तर टिकतं, मशीनला लावलं की मोडतं. आणि वीज गेली म्हणून काम थांबत नाही.

बॉनेटवरचे लूव्हर कसे पाडायचे?

बॉनेटच्या बाजूला हवा बाहेर पडायला एकाशेजारी एक झरोके असतात, ते हे लूव्हर. टाइप ३५च्या बॉनेटवर त्यांच्या रांगाच रांगा आहेत आणि गाडीचा सगळा तोरा त्यांच्यात आहे. प्लास्टिकच्या पट्ट्या चिकटवून ते कधीही नीट होत नाहीत. पत्र्यातच उठवावे लागतात.

आधी ठसा बनवा. जुन्या चपट्या कानशीचं टोक घ्या, लूव्हरच्या लांबीएवढं रुंद राहील असं घासा. फोटोत लूव्हर १०० मिमी लांब निघाला तर ठसा ४.२ मिमी. आता टोकाची एक बाजू अगदी सरळ, धारदार ठेवायची आणि दुसरी बाजू गोलसर करून पॉलिश करायची. पत्र्यावर दाबला की सरळ बाजू पत्रा कापते आणि गोल बाजू त्याला फुगवून उचलते. एकाच दाबात काप आणि फुगवटा दोन्ही.

पत्रा उलटा ठेवायचा, दिसणारी बाजू खाली. खाली जाड पुठ्ठा किंवा कडक रबर. हातोडी वापरायची नाही, तळहाताने सरळ खाली दाब द्यायचा. पहिले काही वाया जाणाऱ्या तुकड्यावर करून बघा. पत्रा फाटला तर गोल बाजूला अजून पॉलिश हवं, काप नीट आला नाही तर सरळ बाजूची धार गेली आहे.

खरा कस लागतो तो अंतरात. पेन्सिलच्या खुणांवर डोळ्याने केलेली रांग चौथ्या-पाचव्या लूव्हरला वाकडी दिसायला लागते. त्यावर उपाय म्हणजे एम-६चा साधा बोल्ट. त्याचा एक फेरा म्हणजे बरोबर १ मिमी सरकणं. लाकडी फळीवर दोन पट्ट्यांमध्ये सरकणारा एक ठोकळा करा, ठोकळ्यावर पत्रा टेपने चिकटवा, मागे फळीत नट बसवून त्यातून बोल्ट फिरवा. ठसा एका जागी उभा राहील असा आडोसा द्या. दीड फेरा, दाब, दीड फेरा, दाब. अशी रांग निघते की भिंगाखाली धरावीशी वाटते.

एक गोष्ट आधीच लिहून ठेवा. लूव्हरचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला असतं, वाहत्या हवेने आतली गरम हवा ओढून काढावी म्हणून. बॉनेटच्या डाव्या आणि उजव्या पत्र्याला त्यामुळे ठसा उलटसुलट लागतो, आणि आपण पत्रा उलटा ठेवून काम करत असतो. दोन्ही पत्र्यांच्या आतल्या बाजूला ‘पुढे’ असा बाण काढल्याशिवाय पहिला दाब देऊ नका.

चाकं कशी करायची?

टाइप ३५चं चाक ओतीव ॲल्युमिनियमचं, आठ चपट्या आऱ्यांचं. ब्रेकचा ड्रम त्याच्याच अंगात ओतलेला आहे. ही रचना त्या काळी नवी होती. करायला मात्र सोपी. लेथवर ॲल्युमिनियमच्या चकत्या आणि कडी काढून घ्या. कागदावर कोनमापकाने ४५ अंशांच्या आठ रेघा छापा, चकतीवर चिकटवा, आऱ्यांमधल्या जागेत भोकं पाडून करवतीने आणि कानशीने कोरा. आरे मध्याकडे रुंद आणि कडेकडे निमुळते आहेत की उलट, हे फोटोत नीट बघूनच कोरायला बसा.

तारांची चाकं हवी असतील, म्हणजे त्या काळची बेंटली किंवा अल्फा रोमिओ करत असाल, तर आधी त्या तारांचं काम समजून घ्या. स्पोक फक्त ताण झेलतो, दाब झेलू शकत नाही. म्हणून बऱ्याच तारा मध्यातून सरळ न निघता तुंब्याला, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्याला, स्पर्श करून तिरप्या जातात, काही एका दिशेला, काही उलट्या. गाडी पळताना एक संच ताणला जातो, ब्रेक लागला की दुसरा. शिवाय आतली आणि बाहेरची अशा रांगा असतात, आडव्या धक्क्यासाठी.

एमडीएफच्या तुकड्यावर चाकाची आकृती छापून चिकटवा. पितळी कडीला ०.३ मिमीची भोकं पाडा, तुंबा म्हणून सुईच्या नळीचा तुकडा आणि त्यावर दोन पितळी चकत्या, त्यांनाही भोकं. कडी आणि तुंबा दोन्ही फळीवर घट्ट बसले की ३६ गेजची एकच लांब तार एका भोकातून दुसऱ्यात विणत जायची. प्रत्येक फेऱ्याला ताण द्या, पण कडी लंबगोल होईल इतका नको. समोरासमोरच्या जोडीने विणलं तर ताण आपोआप वाटला जातो. बाजेची नवार घट्ट करताना जो हात लागतो, तोच इथे. शेवटी कडीच्या बाहेरून प्रत्येक भोकावर पातळ सुपरग्लूचा थेंब, आणि टायर चढवला की बाहेरचे फेरे झाकले जातात.

पुढचा ॲक्सल इतका नाजूक कसा करायचा?

टाइप ३५चा पुढचा ॲक्सल पोकळ आणि चकचकीत घासलेला आहे, आणि कमान पाटे त्याच्यावर किंवा खाली बांधलेले नसून त्याच्यातल्या चौकोनी भोकांतून आरपार जातात. बुगाटीची ही ओळखखूण आहे. ती चुकवून पाटे वरून चिकटवले तर बाकीच्या मेहनतीला काही अर्थ उरत नाही.

१/२४ला तेवढं चौकोनी भोक पाडणं अवघड. म्हणून ॲक्सल पाच तुकड्यांत करा. मधली नळी, दोन बाजूंचे दोन पितळी ठोकळे आणि दोन टोकं. ठोकळ्याला खालून उलट्या यू आकाराची खाच करवतीने पाडा. सगळे तुकडे फळीवर एका रेषेत झाळून घ्या, ॲक्सलला बाहेरून गोलाई द्या, पॉलिश करा. मग पाटे खाचेत बसवा आणि खालून पितळेची पातळ पट्टी लावून खाच बंद करा. कुठूनही बघा, पाटा भोकातून गेलेला दिसतो.

पाटे खरोखर वेगवेगळे करा. ०.२ मिमीच्या पितळी पत्र्याच्या पट्ट्या, एकाहून एक आखूड, सगळ्या एकाच गोल दांड्यावर वाकवलेल्या. पितळ वाकत नसेल तर लालसर होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवा, मऊ होतं. मागचे पाटे वेगळे आहेत: पाव कमानीचे आणि उलटे बसवलेले, जाड टोक गाडीच्या मागच्या बाजूला, बारीक टोक पुढे ॲक्सलकडे.

त्या काळी बऱ्याच रेसिंग गाड्यांचे पाटे दोरीने आवळून बांधत. ती दोरी दाखवायची असेल तर सुती दोरा मेणातून ओढून घ्या. मेणाशिवाय दोऱ्याची लव उभी राहते आणि मॉडेलवर ती केसाळ दिसते.

दुसरा जोड झाळताना पहिला सुटतो. काय करावं?

पहिला जोड चांदीच्या डागाने सोनाराकडून करून घ्या. तो सहाशे अंशांच्या वर वितळतो. त्यानंतर घरचा साधा सोल्डर वापरा, तो १९० अंशांच्या आत वितळतो, पहिल्याला काही होत नाही. तेही शक्य नसेल तर आधीच्या जोडावर ओला कापूस गुंडाळा आणि गन तापू देऊन पटकन काम उरका. रिवाइंडिंगच्या तारेवर इनॅमल असतं. ते वॉटर पेपरने खरवडल्याशिवाय सोल्डर धरणार नाही.

डॅशबोर्डवरची गोल गोल नक्षी खरीखुरी करता येते का?

येते, आणि खऱ्या गाडीत करतात त्याच पद्धतीने. बांबूच्या काडीचं टोक १ मिमी गोल आणि सपाट करा, त्याला व्हॉल्व्हची पेस्ट लावा, काडी ड्रिलमध्ये धरून हळू फिरवत ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर क्षणभर टेकवा. एक गोल उमटतो. पुढचा गोल अर्ध्या मिलिमीटरवर, आधीच्याला अर्धा झाकणारा. लूव्हरसाठी केलेला बोल्टचा सांगाडा इथे पुन्हा वापरा, फक्त अर्धा फेरा. शेवटी पेट्रोलने पुसा, विस्तवापासून लांब बसून.

डायल छापून घ्या. १०० मिमीचा डायल ४.२ मिमी होतो. भोवतीची कडी म्हणजे ड्रिलच्या दांड्यावर गुंडाळून कापलेली तार. काच म्हणून पारदर्शक अराल्डाइटचा एक थेंब. कडीपर्यंत पसरतो आणि वर किंचित फुगतो.

या गाडीचा मॅग्नेटो, म्हणजे स्पार्क प्लगसाठी वीज तयार करणारा भाग, डॅशबोर्डमध्येच बसवलेला आहे, चालकाच्या नजरेसमोर. तिथून आठ वायरी पुढे इंजिनाकडे जातात. नक्षी करण्याआधी त्याचं भोक पाडून घ्या.

नट-बोल्ट?

प्लास्टिकची षटकोनी काठी मेणबत्तीच्या वर, ज्योतीला न लावता, मऊ करा आणि सावकाश ओढा. बारीक झाली तरी षटकोन कायम राहतो. हव्या जाडीचा भाग निवडून ब्लेडने चकत्या पाडा.

मे महिन्यात फेविक्विक धरत नाही आणि रंग खरखरीत होतो. सामान खराब आहे का?

सामान बहुधा ठीक असतं. सुपरग्लू हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो आणि आपल्याकडे उन्हाळ्यात हवा कोरडीठाक असते. शेजारी ओलं फडकं ठेवा किंवा जोडावर चिमूटभर खायचा सोडा भुरभुरा, तो लगेच धरतो. अराल्डाइटचं उलट आहे. उन्हाळ्यात ते फार लवकर आवळतं, म्हणून थोडं थोडं कालवा.

स्प्रेचा रंग चाळीस अंशांच्या पुढे हवेतच वाळतो आणि पावडर होऊन पृष्ठभागावर बसतो. सूर्य वर यायच्या आत रंगवा, थिनरमध्ये उशिरा वाळणारं रिटार्डर मिसळा आणि नेहमीपेक्षा जवळून मारा. पावसाळ्यात लॅकरवर पांढुरकी झाक येते, ती ओलाव्यामुळे. त्या दिवशी काम पुढे ढकला.

बोअरच्या पाण्याने वॉटर पेपर मारत असाल तर पाणी वाळल्यावर क्षारांचे डाग राहतात आणि रंगाखाली उठून दिसतात. शेवटचं धुणं बॅटरीत भरायच्या डिस्टिल्ड पाण्याने करा.

रंग कोणता द्यायचा?

फ्रेंच गाडी, म्हणून निळा. त्या काळी शर्यतीत रंग देशावरून ठरत: फ्रान्सचा निळा, इटलीचा लाल, ब्रिटनचा हिरवा, बेल्जियमचा पिवळा, जर्मनीचा पांढरा आणि पुढे चंदेरी. फ्रान्सच्या निळ्याच्या छटा बऱ्याच दिसतात, एकाच छटेचा हट्ट नको. पण चकाकी कमी ठेवा. नव्या मोटारीसारखी काचेसारखी झळाळी १९२४ च्या गाडीला शोभत नाही.

लेथवाला इतकं लहान काम घेईल का?

वाळूज किंवा चिकलठाण्याच्या छोट्या वर्कशॉपमध्ये विचारा, लातूर-नांदेडच्या औद्योगिक वसाहतींतही. तोंडी सांगू नका. कागदावर दहापट मोठं चित्र काढा, प्रत्येक माप मिलिमीटरमध्ये लिहा, कुठे किती फरक चालेल तेही लिहा. फोटो नेऊन ‘असं करून द्या’ म्हटलं तर कुणाचाच वेळ सत्कारणी लागत नाही. चार चाकांना सहा नग सांगा. आणि काम शनिवारी संध्याकाळी न्या, मोठ्या ऑर्डरची घाई नसते. आपल्या भागातले टर्नर फार हुशार आहेत. चित्र नीट असेल तर ते स्वतःहून सुधारणा सुचवतात, त्या ऐका.

थ्रीडी प्रिंट केलेला भाग चालतो का?

कार्ब्युरेटर, गिअरबॉक्सचं कवच अशा ओतीव भागांना चालतो. पत्रा आणि तार यांना नाही, कारण प्रिंटमध्ये पातळपणा आणि ताण दोन्ही येत नाहीत. जो भाग खऱ्या गाडीत ओतला होता तो प्रिंट करा, जो घडवला होता तो घडवा, असं मी करतो.

शाळेतल्या मुलांना हे शिकवावं का?

जरूर. कागद, प्लास्टिक, मऊ तार एवढ्यावर सातवी-आठवीतली मुलं सुंदर काम करतात. सुया, झाळकाम आणि ॲक्रिलिक जोडायचं क्लोरोफॉर्मसारखं द्रावण मोठ्यांच्याच हातात राहू द्या, तेही खिडकी उघडी ठेवून. सोल्डरमध्ये शिसं असतं, काम झालं की साबणाने हात धुतल्याशिवाय जेवायला बसू देऊ नका. पितळ घासताना तोंडाला मास्क.

तयार मॉडेल गावाहून गावाला न्यायचं कसं?

चाकांवर उभं करून कधीच नेऊ नका. चासीला खालून दोन बारीक नट आधीच झाळून ठेवा, लाकडी पाटातून स्क्रू घालून गाडी अशी आवळा की चाकं पाटाला जेमतेम टेकतील आणि त्यांच्यावर वजन येणार नाही. पाट डब्यात खाली स्क्रूने बसवा. डब्यात कापूस किंवा थर्माकोलचे गोळे भरू नका, ते लूव्हरमध्ये आणि तारांमध्ये अडकतात आणि काढताना तारा उपटून येतात. गाडीला वरून काहीच लागता कामा नये.

एसटीत डबा मांडीवर घ्या, मागच्या चाकावरची सीट टाळा. मोटारीने जात असाल तर उन्हात बंद गाडीत डबा सोडून जेवायला जाऊ नका. आतल्या उष्णतेने प्लास्टिकचे पातळ भाग वाकतात आणि सुपरग्लूचे जोड सुटतात. काचेची छोटी चौकट आणि इंधनाच्या टाकीचं झाकण वेगळ्या डबीत न्यावं, पोचल्यावर बसवावं.